कोबीतला कलावंत

फवारणीचा पंप पाठीला लावून ती कोबीत उतरली, तर नवरा वाफ्यात आडवा. पोटावर पडलेला, डोळा कॅमेऱ्याला लावलेला, श्वास रोखलेला.

"पंप मागं घे," तो ओठ न हलवता पुटपुटला. "अळी आत्ता तोंड वर करतीय."

"तिचं तोंड पानातच असतं. म्हणून तर पंप आणलाय."

कॅमेऱ्याला किडे मोठे दाखवणारं भिंग बसवल्यापासून हा माणूस हातचा गेला होता. थंडीत किडे सुस्त असतात म्हणून उजाडायच्या आत शेतात हजर. पान हलू नये म्हणून बायकोनं जवळून चालायचं नाही. गायीनं शेपूट उडवली तरी तिला बोलणी. एवढं करून किड्याच्या डोळ्याचा फोटो काढायला जावं, तर पाय स्वच्छ आणि डोळा धुक्यात. वर फवारायचंही नाही, का तर मॉडेलं मरतील. तिनं पोटच्या पोरासारखा जपलेला कोबी, पण पानांची पार चाळण झाली होती. तिला रडू येईल इतका राग आला होता.

पण सरळ सांगितलं की हा फुगतो, हे ती जाणून होती.

"बरं, नाही फवारत," ती म्हणाली. "फक्त जिचा फोटो काढाल, ती अळी लगेच या साबणपाण्याच्या डब्यात टाकायची."

"मॉडेलला कुणी मारतं का?"

"मग सुरू करू पंप?"

त्यानं मुकाट्यानं डबा घेतला. एक फोटो धूसर आला की दुसरी अळी, ती हलली की तिसरी. त्याचा हात कच्चा होता तेच कोबीच्या पथ्यावर पडलं. बघता बघता नवी पानं धड निघाली, गड्डे धरू लागले. फोटो मात्र एकही धड नव्हता.

शेजारणीनं हे बरोबर हेरलं. "भावजी, आमच्या फ्लॉवरचेपण फोटो काढा की. साबण आमचा," ती बांधावरून म्हणाली. तिचं ऐकून आणखी दोघी आल्या.

तो छाती फुगवून घरी आला. "बघितलंस? लोकांना कला कळायला लागली. आता भारीतलं भिंग घेतो. पहिल्याच फटक्यात फोटो येईल."



"नको हो," ती घाईघाईनं म्हणाली. "हेच बरंय. कला अशी एका फटक्यात होते का कधी?"

आणि डबा काढून घेऊन तिनं त्याच्या हातात साबणपाण्याची बादली दिली.