तळघरातली ब्रुनेल्लो

स्वयंपाकघरातला स्मोक अलार्म कानठळ्या बसवत होता आणि त्याच्या बरोबर खाली, शेगडीकडे पाठ करून, मीनाक्षी शांतपणे पोळ्या लाटत होती. मागे कढईत मसाल्याचं खोबरं जळून कोळसा झालं होतं. धुरानं माझे डोळे चुरचुरत होते.

"अहो, त्याची बॅटरी बदला," ती वळूनही न बघता म्हणाली. "उगाच बोंबलतोय मेला."

मी शेगडी बंद केली, कढई सिंकमध्ये टाकली आणि तिच्याकडे पाहिलं. गेल्या कित्येक आठवड्यांतल्या गोष्टी डोक्यात एकदम जुळल्या.

"मीनाक्षी, तुला वास येत नाही?"

तिनं लाटणं खाली ठेवलं. "हिवाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून. लवंग नाकाशी धरली तरी काही नाही. डॉक्टर म्हणतात, येईल. किंवा नाही येणार."

न्यूयॉर्कपासून तासाभरावरच्या या वेस्ट विंडसरमध्ये माझी ओळख म्हणजे डबेवाल्या मीनाक्षीकाकूंचा नवरा. नाव प्रल्हाद, पद डबे पोचवणारा ड्रायव्हर. मी नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा ऑफिसनं केक कापला आणि दुसऱ्या दिवशी मला विसरून गेलं. पण हिचा डबा एक दिवस चुकला की चार घरांतून फोन येत. हिचा गोडा मसाला तर पुण्याहून आलेल्या सासवा परत जाताना बॅगेत भरून नेत. यापेक्षा मोठा सन्मान मला तरी ठाऊक नाही.

हल्ली मात्र डबे एकेक करून बंद होत होते. कुणी कीटो डाएट सुरू केलं होतं, कुणाकडे आईवडील आले होते, कुणाला ऑफिसातच जेवण मिळू लागलं होतं. आपल्या माणसांची ही मोठी गंमत आहे. रेस्टॉरंटला एक स्टार देताना त्यांचा हात थरथरत नाही, पण काकूंना 'आमटी जळकट लागते' असं सांगायला जीभ रेटत नाही. मी का सांगितलं नाही, हे विचारू नका. मी नवरा आहे.

"हा महिना संपला की बंद करू," मीनाक्षी म्हणाली. "वास न येणाऱ्या बाईनं लोकांना जेवू घालू नये."

ती रडली असती तर मी समजूत घातली असती. पण तिनं हे भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं आणि पुन्हा लाटायला लागली. मला भीती वाटली. हिच्या हातून मसाल्याचा डबा सुटला तर हिचं काय उरेल, हे मला माहीत नव्हतं, आणि माझं काय उरेल हे तर त्याहून नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. मुलगा निमिष न्यूयॉर्कहून आला होता. नेमकी त्याच संध्याकाळी मोनाली मेश्राम रिकामे डबे परत द्यायला आली. मोनाली नागपूरची, इथे औषधांच्या कंपनीत संशोधन करते. आमची सर्वांत जुनी गिऱ्हाईक आणि गळालेल्यांत सर्वांत शेवटची. तिला म्हणे डाएटिशियननं भात बंद करायला सांगितला होता. मीनाक्षीनं तिला अर्थातच जेवायला बसवलं.

"आई, माझ्या पहिल्या जॉबच्या बॉसनं वाइन दिली होती, ती आहे का गं?" निमिषनं विचारलं. "आज ओपन करू."

ती बाटली निमिषनं तेव्हा शोभेला फ्रिजवर ठेवली होती. मीनाक्षीनं ती उचलून बेसमेंटमध्ये नेली, लोणच्याच्या बरण्यांच्या फळीवर. तिथे उभी मावेना, म्हणून जुन्या सुती साडीत गुंडाळून आडवी ठेवली. निमिषचे केस पांढरे होऊ लागले तरी ती तिथेच होती.

मोनालीनं लेबल वाचलं आणि ती सावरून बसली. "काकू, ही ब्रुनेल्लो आहे. इटलीची, सांजोवेझे द्राक्षांची. लोक ही वर्षानुवर्षं अशीच स्टोअर करतात. अंधारात, थंड जागी, आडवी. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"उभी मावत नव्हती," मीनाक्षी म्हणाली.

बूच अर्ध्यात तुटलं. त्याचे तुकडे आत पडले, म्हणून वाइन चहाच्या गाळणीतून काचेच्या जगमध्ये ओतली. रंग विटकरीकडे झुकलेला. निमिषनं नाक खुपसलं आणि तोंड वाकडं केलं. "गेली ही. बेसमेंटचाच वास येतोय."

"थांब यार," मोनाली म्हणाली. "इतकी वर्षं बंद होती. जरा हवा लागू दे तिला."

आम्ही जेवलो. मोनालीनं आमटी निमूटपणे संपवली आणि 'छान' म्हणाली. तो शब्द ऐकून मला कसंतरीच झालं.

मीनाक्षी ताटं उचलायला आली. जगवरून हात लांब करून वाटी घेता घेता ती थांबली.

"संत्र्याची साल," ती म्हणाली. "वाळलेली."

निमिष आणि मोनालीला काही कळलं नाही. मला कळलं. मी हललो नाही, न जाणो माझ्या हलण्यानं ते निघून जायचं. तिनं वाटी ठेवली, जग दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटले.

"तंबाखू. बाबांच्या चंचीतली असायची तशी. आणि कसलं तरी आंबटगोड फळ. चेरी असेल का?"

मोनालीनं वास घेतला. "काकू, एक्झॅक्टली हेच. तुम्ही वाइन पिता?"

"हिला वास येतोय," मी म्हणालो, आणि मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

मीनाक्षी मात्र स्वयंपाकघरात गेली होती. परत आली ती मसाल्याचा डबा घेऊन. तो तिनं मोनालीपुढे उघडून ठेवला.

"हा जळका आहे. डबा ह्याच्यामुळे बंद केलास ना?"

"नाही काकू, ते डाएटिशियननं..."

"मोनाली."

मोनालीनं मान खाली घातली. "हो. जळकट लागायचं. सॉरी काकू. पण तुम्हाला कसं सांगणार?"

"तोंडानं," मीनाक्षी म्हणाली.

तिनं तो सगळा मसाला कचऱ्यात ओतला. मग ग्लासभर वाइन मागितली, एक घोट घेतला, "वासच बरा, चव फार तुरट" असं म्हणाली आणि ग्लास संपवला. तेवढ्यावर ती थांबली नाही. पदर खोचून नवं खोबरं किसायला घेतलं. धणे भाजले, तीळ भाजले, प्रत्येकाचा वास घेऊन ती आम्हाला विजयी मुद्रेनं नाव सांगत होती. फक्त दालचिनीचा वास तिला येईना. पुन्हा पुन्हा हुंगून पाहिली, मग ती मोनालीच्या नाकाशी नेली. "हिचा वास अजून परत आला नाही. तू सांग, झाली का?" मोनालीनं 'झाली' म्हटलं तेव्हाच कढई उतरली.

सोमवारी डबे निघाले. जळक्या मसाल्याची कबुली देऊन तिनं स्वतः एकेका घरी फोन केला होता, आणि कीटो करणारे बहुतेक सगळे परत आले होते. संध्याकाळी तिच्या फोनवर मोनालीचा मेसेज आला. तिचे हात पिठाचे होते, म्हणून वाचायला मला सांगितलं.

"काकू, मसाला एकदम पहिल्यासारखा," मी वाचलं आणि थांबलो.

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"अहो, पूर्ण वाचा."

"पण आमटीत गूळ जास्त झालाय."

तिनं हात धुतले, पातेल्यातली आमटी पळीनं तळहातावर घेऊन चाखली आणि माझ्याकडे बघून तोंडभर हसली.

"झालाय खरा," ती म्हणाली.