पिवळा डबा

“काकू, तो वनस्पती तुपाचा पिवळा डबा आता येत नाही. बंद झाला,” दुकानदार अजय म्हणाला.

“बंद? दिवाळी तोंडावर आली आणि बंद?” सुमनताईंचा आवाज असा चढला की रांगेतल्या दोन बायकांनी वळून पाहिलं.

“अहो, बेकायदा जंगलं तोडून काढलेलं पामतेल इथं वापरू द्यायचं नाही, असा कायदा झालाय. नियम लागू व्हायचेत अजून, पण आमचा सप्लायर आत्ताच घाबरला. तेल कुठल्या जमिनीतलं, ते त्याला सांगता येईना. सनफ्लॉवर देऊ का?”

सनफ्लॉवरचा कधी साटा होतो का! चिरोट्यांच्या पोळ्यांमध्ये तांदळाची पिठी घालून फेसलेलं तूप लावायचं, त्याचे पदर सुटायचे, तर तूप घट्टच हवं. सुमनताई काही न घेता लंडनच्या ईलिंग ब्रॉडवेवरून तरातरा घरी आल्या.

खरं सांगायचं तर त्यांच्या पिढीच्या दिवाळीला साजूक तुपाचा वास नव्हताच. लोक उगाच आठवणींना साजूक तुपाची फोडणी देतात. सांगलीला त्यांच्या सासरी साजूक तुपाची बरणी फडताळात कुलपात असे आणि पाहुणा आला तरच उतरे. घरच्यांसाठी सगळं वनस्पती तुपात. लग्न होऊन त्या इथं आल्या, त्या पहिल्या दिवाळीत त्यांचे यजमान डॉक्टर उल्हास देवस्थळी नाइट ड्यूटी संपवून परस्पर साउथॉलच्या देशी बाजारात गेले आणि असाच एक पिवळा डबा मांडीवर घेऊन बसमधून आले. हॉस्पिटलच्या क्वार्टरमधल्या एका शेगडीवर सुमनताईंनी चिरोटे तळले. अर्धे करपले. डॉक्टरांनी त्यातला बरा बघून एक तोंडात टाकला आणि म्हणाले, “सुमन, आली बघ दिवाळी.”

पुढे स्वतःचं घर झालं, वरदा झाली, डॉक्टर रिटायर झाले. पण दर वर्षी पहिल्या चिरोट्याला तेच वाक्य. आता डॉक्टर केअर होममध्ये असतात. नावं सगळी पुसली गेली आहेत, लेकीचंसुद्धा. गेल्या दिवाळीत मात्र चिरोटा तोंडात विरघळला आणि ते म्हणाले, “सुमन, आली बघ दिवाळी.” वर्षभरात तेवढं एकदाच त्यांनी सुमनताईंना नावानं हाक मारली होती. सुमनताई त्या हाकेवर वर्ष काढत होत्या.

त्यांनी वरदाला फोन लावला. इथंच वाढलेली, मराठी अडखळत बोलणारी ती क्रॉयडनच्या एका मोठ्या फूड कंपनीत आहे.

“तुमच्या गोडाउनात असेल गं एखादा डबा. बघ ना.”

“आई, ते थांबवणं माझी काम आहे. पाम ऑइल कुठून येतो, मीच चेक करते. Honestly, मी कसा आणू?”

“माझ्या एका डब्यानं कुठलं जंगल आडवं होणार आहे?”

“सगळे तेच म्हणतात, आई. सॉरी. बाबांसाठी आहे, आय नो.”

सुमनताईंना राग आला, आणि लेकीचा अभिमानही वाटला. एकाच माणसाबद्दल दोन्ही वाटलं की फार पंचाईत होते. त्यांनी बटर आणून मंद आचेवर कढवलं. घरभर असा वास सुटला की त्यांच्या स्वयंपाकघराला तो ओळखीचा वाटेना. साटा हलका झाला, पदर गुलाबाच्या पाकळ्यांसारखे सुटले. इतके देखणे चिरोटे त्यांनी जन्मात केले नव्हते. त्याचंच त्यांना भय वाटत होतं.

दिवाळीच्या सकाळी डॉक्टर खिडकीपाशी बसले होते, दाढी केलेले, स्वेटर उलटा. सुमनताईंनी तो सारखा केला आणि डबा उघडला.

“अहो, चिरोटे आणलेत.”

त्यांनी एक घेतला. चावला. डोळे मिटले. सुमनताईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

“वा! साजूक तुपातले!” डॉक्टरांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. “बरणी काढलेली दिसतेय आईनं. कोण आलंय आज?”

डॉक्टरांनी डोळे उघडून त्यांच्याकडे नीट पाहिलं, अदबीनं पाहिलं.

“तुम्ही आलात होय! बसा ना, उभ्या का? आई आत आहे, येईलच.”

डॉक्टर मनानं जिथं होते, सांगलीच्या त्या घरात सुमनताई अजून लग्न होऊन यायच्याच होत्या. त्यांना वाटलं, हात धरून सांगावं, अहो, मी सुमन. पण माणूस इतक्या आनंदात होता. त्यांनी डोळे पुसले, खुर्ची जवळ ओढली आणि बसल्या.

“लांबून आलात का?” डॉक्टरांनी विचारलं.

“हो. बरंच लांबून.”

“मग खा की. संकोच करू नका.” त्यांनी चिरोटा मोडला आणि मोठा तुकडा त्यांच्यापुढे धरला.

सुमनताईंनी तो दोन्ही हातांत घेतला आणि पाहुणीसारखा सावकाश खाल्ला. चिरोटे चांगले झाले होते.