फ्रीजवरचं बिल

गल्लीत तिला कात्रीबाई म्हणत आणि ते तिला मनापासून आवडायचं. साबणाच्या वेष्टनामागे, चहाच्या पुड्यात, रविवारच्या पुरवणीत, जिथे म्हणून सवलतीचं कुपन दिसेल तिथे हिची कात्री पोचलेली असायची. कापलेलं कुपन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचं. लेक झाली तेव्हा डब्यात दुधाच्या पावडरीची कुपनं होती. सासूबाईंनी अंथरूण धरलं तेव्हा औषधांच्या दुकानाची आली. लेक कॉलेजात गेली तशी वह्यांची आणि शाम्पूची. घरात काय चाललंय ते विचारायची गरज नव्हती, डबा उघडला की कळायचं.

शनिवारी सामान आलं की लेक बिलाची शेवटची ओळ मोठ्यानं वाचायची, 'आजची आपली बचत' अमुक इतकी. ज्या बिलात बचत सगळ्यात मोठी ते फ्रीजवर चुंबकाखाली लागायचं आणि त्याच्यावर मात होईपर्यंत तिथेच राहायचं. गेली चार वर्षं तिथे एकच बिल होतं, कात्रीबाईंचं. शाई उडत चालली तेव्हा तिनं आकडा पेनानं गिरवून घेतला होता. मात करणार कोण म्हणा, स्पर्धेत दुसरं कुणी नव्हतंच.

मग नवऱ्याची नोकरी गेली. सव्वीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कंपनीनं ते काम ठेकेदाराला दिलं आणि याला घरी बसवलं. ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात लागली, दिवसभर उभ्यानं चादरींच्या घड्या घालायला. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. दीड महिना दाढी नाही, धड जेवण नाही, कुणाशी बोलणं नाही. शेवटी एके सकाळी तिनं डबा त्याच्या उशाशी ठेवला.

"अहो, शनिवारचं सामान तुम्हीच आणा आता. मला सुट्टी नाही."

तिनं स्वतःच्या हातानं दिला हं डबा. कुणी हिसकावून घेतला नव्हता.

पहिल्या शनिवारी त्यानं गोंधळ घातला तेव्हा ती मनातून खूश झाली. दुसऱ्या शनिवारी त्यानं दाढी केली. तिसऱ्या शनिवारी ती कामावरून आली तर डबा पार उलटापालटा. तिनं वीस वर्षं कुपनं तारखेप्रमाणे लावली होती, मुदत आधी संपेल ते पुढे. यानं ती दुकानातल्या मांडणीप्रमाणे लावली, मजले चढवावेत तशी. तळाला धान्य, वर तेल-तूप, त्याच्यावर साबण.

"एकदा आत शिरलो की थेट शेवटपर्यंत. परत मागे यायला नको," तो म्हणाला.

"आणि तारखा?"

"त्या पाठ आहेत माझ्या."

खरंच पाठ होत्या. बचत दर आठवड्याला वाढत गेली. काउंटरवरची मुलगी इतकी वर्षं हिच्यासाठी पत्रकं बाजूला काढून ठेवायची, ती आता काकांसाठी ठेवू लागली. शेजारीण दारात येऊन विचारायची, "आहेत का घरात?" आणि ते विचारणं हिच्याबद्दल नसायचं. लेक तर म्हणाली, "आई, बाबांचं डोकं कसलं चालतं गं!" कात्रीबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझं काय वीस वर्षं गुडघ्यानं चालत होतं का, असं ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं. नवरा उठून बसलाय, शिट्टी वाजवत भांडी घासतोय, यात दुःख करण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. तरी तिचा जळफळाट व्हायचा आणि आपण जळतोय याचाही तिला वेगळा राग यायचा.

अशात तेलाचं कुपन आलं. पाच लिटरचा डबा निम्म्या किमतीत, एका घराला एकच, मुदत शनिवारपर्यंत. नवऱ्यानं कागदावर हिशेब मांडला आणि लेकीला डोळा मारला. "या शनिवारी फ्रीजवरचं बिल उतरतंय बघ."

शुक्रवारी सकाळी तो अंघोळीला गेल्यावर तिनं डबा उघडला, मधल्या थरातून तेलाचं कुपन काढलं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात घातलं. दिवसभर चादरींच्या घड्या घालताना तिला हलकं वाटत होतं.

शनिवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा लेक दारातच भेटली.

"आई, काय झालं माहितेय? बाबांना कुपनच सापडेना. सगळा डबा काउंटरवर ओतला त्यांनी. मागे ही लाइन. एक माणूस म्हणाला, काका, पैसे नसतील तर व्हा बाजूला. तेल परत नेऊन ठेवलं."

डबा टेबलावर होता. कुपनं त्यात कशीही कोंबलेली होती.

"तूच बघ यापुढे. माझ्याच्यानं नाही व्हायचं," नवरा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

तिचा डबा तिला परत मिळाला. तिचं बिल फ्रीजवर शाबूत राहिलं. आणि सोमवारी त्यानं दाढी केली नाही, मंगळवारी केली नाही, बुधवारी ताटातलं अर्धं तसंच ठेवलं. गुरुवारी लेकीनं त्याला दोनदा हाक मारली तरी त्यानं मान वळवली नाही. तेव्हा मात्र कात्रीबाईंना फ्रीजवरच्या बिलाकडे बघवेना.

पुढच्या शनिवारी ती कामावरून परस्पर दुकानात गेली. डबा घरीच ठेवला होता, मुद्दाम. तांदूळ, साबण, चहा आणि पाच लिटर तेल, सगळं छापील किमतीला घेतलं. काउंटरवरच्या मुलीनं दोनदा विचारलं, "काकू, कुपन?" तिनं दोनदा मान हलवली. नोटा मोजून देताना तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं.

घरी लेकीनं सवयीनं शेवटची ओळ वाचली. "आजची आपली बचत, शून्य."

खाटेवर हालचाल झाली. तो उठून आला, लेकीच्या हातून बिल घेतलं आणि वरपासून खालपर्यंत वाचलं.

"साबणावर एकावर एक होता की. चहाचंही होतं. डबा नेला नाहीस?"

"नाही नेला. तुम्ही लावलेलं कळत नाही मला."

त्यानं बिलाची घडी घातली. लेक सामान लावायला स्वयंपाकघरात गेली, तसा हळूच म्हणाला, "पर्समधलं ते तेलाचं आता फेकून दे. मुदत संपली."

"कधी बघितलंत?"

"सोमवारी. पोरीला सुट्टे हवे होते." तो खुर्चीवर बसला. "डबा तुझाच होता. मागितला असतास तर दिला असता."

खोटं बोलायला तिला वाव होता. पण बोलली ती खरंच.

"डबा नको होता मला. तुम्हाला जमू नये, एवढंच हवं होतं."

हे ऐकून तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं नुसता डबा पुढे ओढला आणि चुरगळलेलं एकेक कुपन मांडीवर सपाट करायला लागला. "पेन्सिल आण," म्हणाला. "आणि मुदती तू सांग. इतक्यात विसरलोय मी."

त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी लेक बिल वाचता वाचता किंचाळलीच. चार वर्षांच्या बिलावर मात झाली होती. बाप हसत होता, पण फ्रीजकडे जायला काही उठला नाही.

कात्रीबाईंचा पुन्हा तसाच जळफळाट झाला, पहिल्याइतकाच. तिला वाटलं होतं, एवढं झाल्यावर तरी तो थांबेल. ती उठली, चुंबक काढलं, पेनानं गिरवलेलं आपलं बिल उतरवलं आणि त्याचं लावलं.

"छान झालं," ती म्हणाली. दिवसभर घातलेल्या घड्यांपेक्षा तिला ते जड गेलं.