शनिवारची थरथर

"गाडीची लिंबू-मिरची काढलीस ना? बघ आता, गाडी रुसणार," असं इंदुबाईंनी सुनेला बजावलं होतं. किर्तीने ते हसण्यावारी नेलं. मिरची काढायला कारणही तसंच होतं. तिच्या रिद्धीने, नुकत्याच चालायला लागलेल्या पोरीने, बंपरला लटकणारी मिरची ओढून डोळ्याला चोळली होती आणि अख्खी बिल्डिंग गोळा होईल इतकी रडली होती. त्या दिवसापासून किर्तीचा हुकूम सुटला, गाडीवर मिरची नाही म्हणजे नाही.

आणि गाडी खरंच रुसली.

अंबरनाथला शिवमंदिराकडच्या त्यांच्या सोसायटीत उभी असलेली ही जुनी पांढरी गाडी सासऱ्यांची, आण्णांची. चालवायची मात्र किर्ती. दर रविवारी ती वांगणीला कौसाआत्याकडे जायची. आई गेल्यावर या आत्यानेच तिला वाढवलेलं. घर स्टेशनपासून लांब, शेतात. फोन लागला तर नशीब. आणि आत्या दुसऱ्या कुणाकडे राहायला जाईल तर शपथ.

आता ही गाडी सिग्नलला उभी राहिली की ताप भरल्यासारखी थरथरायची. खाली हिरवे थेंब पडायचे.

"ते कूलंट आहे," किर्ती दिसेल त्याला सांगायची. "गोड लागतं आणि विषारी असतं. रिद्धीला खाली सोडू नका." थेंब दिसला की बादली घेऊन धावायची. त्यांच्या पार्किंगइतकी लख्ख फरशी देव्हाऱ्यापुढेही नव्हती.

एका रविवारी बदलापूरच्या पुढे काटा लालवर गेला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. सोबत आलेले आण्णा टॉवेल गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले.

"आण्णा, हात लावू नका! उकळतं पाणी तोंडावर उडेल!"

"अगं, अख्खी नोकरी बॉयलरपाशी काढली मी."

"मग तर तुम्हाला कळायलाच हवं!"

आण्णा सावलीत जाऊन बसले. वांगणी राहिली. गाडी दोरीने ओढून घरी आणावी लागली आणि नवरा, विनीत, म्हणाला, "आता एकदा जरी बंद पडली, तर सरळ भंगारात."

भंगारात गेली तर रविवार गेले. किर्तीने उल्हासनगर गाठलं, कॅम्प दोनमधलं दिपेशचं गॅरेज. दिपेशने प्लग बदलले, एक नळी खोचली, पाइपची क्लिप आवळली. "जाव मॅडम, एकदम मक्खन."

आठवडाभर मक्खनच होती. शनिवारी पुन्हा थरथर, पुन्हा थेंब. तोही रविवार बुडाला.

"पहिल्यांदाही शनिवारीच थरथरली होती. शनिवारीच कशी बिघडते?" तिने दिपेशला फोनवर विचारलं.

"मॅडम, गाडीला काय वार कळतो?"

पण लेकीच्या शिंकेवरून तिने काय खाल्लं ते ओळखणारी ही बाई. पुढच्या शनिवारी सकाळी ती चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी राहिली.

आण्णा फेरफटका मारायला निघाल्यासारखे आले, इकडेतिकडे बघून गाडीत बसले आणि खटका ओढला. बॉनेट उघडलं. खांबामागून इंदुबाई आल्या आणि त्यांनी पदराखालून ताजी लिंबू-मिरची काढली.

किर्ती धावत खाली. "आई!"

इंदुबाई दचकल्या, बॉनेट डोक्याला लागलं. "तू बाहेर नको म्हणालीस," डोकं चोळत त्या म्हणाल्या. "आत नको असं कुठे म्हणालीस?"

"आण्णा, तुम्हीपण?"

"मी फक्त खटका ओढतो."

तशीच्या तशी गाडी घेऊन सगळी वरात दिपेशकडे गेली. लिंबाची तार एका बारीक रबरी नळीला बांधलेली. दर शनिवारी नवी बांधताना ती नळी ओढली जाऊन निसटायची, तिथून इंजिनात नको ती हवा शिरायची, म्हणून थरथर. आणि तारेचं टोक शेजारच्या जाड पाइपला घासून त्याला भोक पडलेलं. क्लिप आवळून ते थोडंच बुजणार?

"मागच्या वेळी हे दिसलं नाही तुला?" किर्तीने विचारलं.

"दिसलं ना," दिपेश म्हणाला. "पण मॅडम, लिंबाला कोण हात लावेल?" त्याच्या डोक्यावरच तीन लिंबं टांगलेली होती.

दोन्ही पाइप बदलले, कूलंट भरलं. गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली. लिंबू-मिरची आता पार्किंगच्या छताला लटकते, रिद्धीच्या हाताबाहेर. वरच्या मजल्यावरच्या राजेंद्रकाकांच्या कपाळाला रोज लागते. "पण गाडी रुसली का?" इंदुबाई विचारतात.

रविवारी किर्ती रिद्धीला घेऊन वांगणीला पोचली, तर आत्या दारात चादर लपेटून बसलेली. चेहरा उतरलेला, फोन बंद.

"तापात पडले व्हते गो. तुला कशाला सांगू? पोर बारकी तुजी."

किर्तीने कपाळाला हात लावला, मग गळ्याला, मग पुन्हा कपाळाला. डोळे भरून आले.

"बरी हाय आता!" आत्याने हात झटकला. "मी काय गाडी हाय, झाकण उघडून बगाला?" आणि रिद्धीला कडेवर घेऊन ती दुधी तोडायला वेलाकडे गेलीसुद्धा.

गाडी सध्या ठणठणीत आहे, पण जुनीच ती. तेव्हा तुम्ही वांगणीकडे जाणार असाल आणि एखाद-दोन रविवार किर्तीची पांढरी गाडी रस्त्याला दिसली नाही, तर शेताकडच्या वाटेने आत वळा आणि कौसाबाईंना एक हाक मारा. फोनवर विसंबू नका. त्या 'बरी हाय' म्हणतील, तरी कपाळाला हात लावून बघा. दुधी हातात देतील, तो घ्या.