ज्याने चढवली त्याने उतरवावी

व्हर्लिन ब्रेक्केच्या थोरल्या मुलीनं ठरलेला नवरा सोडून त्याच्याच मित्राशी लग्न लावलं, आणि आधी आलेला आहेर परत करायचा की ठेवायचा यावर सगळं गाव हिवाळाभर भांडत बसलं, त्या सालची ही गोष्ट. त्याच साली नोव्हेंबरात डॉक्टरांनी व्हर्लिनला बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्या आईला नाताळ काही दिसत नाही.

आई म्हणजे थोरा. वय नव्वदीकडे झुकलेलं, छातीत पाणी झालेलं. ती राहायची आपल्या लेकीपाशी, व्हर्लिनच्या थोरल्या बहिणीपाशी, आर्डिसपाशी. खरं बोलायचं तर आर्डिस तिच्यापाशी राहायची. आर्डिसनं लग्न केलं नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढला, आणि तिथून सुटली ती आईच्या खाटेशी येऊन बसली. विस्कॉन्सिनमधलं ते घर लहान. पुढच्या खोलीत आईची खाट, मागे स्वयंपाकघर, वर पोटमाळा.

आर्डिसनं मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. तिच्याबरोबर शाळेत कणीक मळणारी मावीस नवरा गेल्यावर ऑरेगनला समुद्राकाठी राहायला गेली होती. तिच्या घरात एक खोली रिकामी होती. मावीस दर रविवारी चर्च सुटल्यावर फोन करायची. "येतेस कधी? खिडकीतून समुद्र दिसतो गं. तुला उभ्या जन्मात तळ्यापलीकडे पाणी दिसलं नाही." आर्डिसनं शब्द दिला होता, नाताळचं झाड उतरवलं की येते. आईला मग व्हर्लिनकडे ठेवायचं. व्हर्लिनला मात्र अजून विचारलं नव्हतं.

आणि मधेच डॉक्टरांनी असं सांगितलं. व्हर्लिन म्हणाला, "ताई, आपण थँक्सगिव्हिंगलाच नाताळ करून टाकू. आईला सगळं बघायला मिळेल."

ब्रेक्क्यांच्या घरात हे कधी झालं नव्हतं. थँक्सगिव्हिंग म्हणजे सुगीचा सण; त्याची टर्की खाऊन ताटं पुसून होईपर्यंत दारावरची मक्याची कणसं हलवायची नाहीत, पायरीवरचे भोपळे उचलायचे नाहीत, हा थोराचा कायदा. भोपळा आणि नाताळचं झाड एका खोलीत म्हणजे सोयर आणि सुतक एका घरात. पण मरणाऱ्या माणसापुढे कायदा कोण काढणार? सणाच्या त्या गुरुवारी दारावर कणसंही होती आणि त्यांच्यावरच सूचिपर्णीच्या फांद्यांचं नाताळचं कडं लटकत होतं. टेबलावर नातवंडांनी हाताचा पंजा कागदावर गिरवून केलेल्या टर्क्या, आणि कोपऱ्यात खिडकीपाशी प्लॅस्टिकचं झाड, दिव्यांच्या माळा, नाताळात मांडायचे गवताचे बोकड, सगळा थाट.

चांदणी राहिली होती. थोरा खाटेवरून म्हणाली, "आणा इकडे. मी चढवते."

"आई, तू उठणार कशी?" व्हर्लिन म्हणाला.

"तू आणि ताई धरा. मेले नाहीये अजून."

दोघांनी तिला काखेत धरून उभं केलं. तिनं हात उंचावला आणि पत्र्याची ती जुनी चांदणी झाडाच्या टोकावर बसवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्लिनच्या बायकोनं, लॉरेटानं, डोळे पुसले.

आर्डिसला मात्र दुसरंच आठवलं. या घरात चांदणीचा आणखी एक कायदा होता. थोराच्या सासूनं घातलेला. सण आला की सजवायला दहा हात पुढे येतात, जानेवारीत आवरायला कुत्रं फिरकत नाही. म्हणून ज्याने चांदणी चढवली त्यानेच ती उतरवायची, आणि चांदणी उतरल्याशिवाय झाडाच्या फांदीला हात लावायचा नाही. आजवर कुणी हा कायदा मोडला नव्हता, कारण मोडायची वेळच आली नव्हती.

थोरा मेली नाही. गोळ्या लागू पडल्या की चांदणी लागू पडली, देव जाणे. नाताळात ती उशीला टेकून बटाट्याची पोळी लोणी लावून खात होती. जानेवारी आला. आर्डिस म्हणाली, "आई, चांदणी उतरवतेस ना? धरते तुला."

"आज नको. अंगात ताकद येऊ दे."

फेब्रुवारीतही ताकद आली नाही. ईस्टरला शेजारच्या पोरांनी झाडाला रंगीत अंडी टांगली. बर्फ वितळला, गवत कापायचे दिवस आले, आणि खिडकीतलं झाड तसंच. शेजारचा एलरॉय कुंपणावरून म्हणाला, "आर्डिस, आमच्याकडे नाताळ वर्षातून एकदा येतो. तुझ्याकडे मुक्कामाला आलाय."

"भाडं देत नाही मेला," आर्डिस म्हणाली आणि हसली. आत आल्यावर तिला हसू राहिलं नाही.

रविवारी फोन यायचा. "उतरलं का गं झाड?"

"नाही गं."

"एक झाड उतरवायला तुला फौज लागते का?"

काय सांगणार? माणसाला साखळीनं बांधलं तर ओरडता तरी येतं. तिला पत्र्याच्या चांदणीनं बांधलं होतं. कुणाला सांगावं तर लोक हसणार. उकाड्यात ती झाडाखालची धूळ झाडायची, बोकडाच्या पायातलं गळालेलं गवत उचलायची. दार उघडं असायचं, रस्ता समोर असायचा, आणि पाय काही उंबऱ्याबाहेर पडत नसे.

ऑगस्टमधल्या एका दुपारी आईचा डोळा लागलेला बघून तिनं स्टूल लावलं. वर चढली. चांदणीला हात लावला. पत्रा उन्हानं तापला होता.

"हात काढ," मागून आवाज आला.

"धूळ पुसतेय, आई."

"धूळ हातानं पुसतात का? फडकं कुठंय?" थोरा डोळे मिटूनच बोलत होती. "झाड उतरलं की तू त्या मावीसकडे जाणार. मी म्हातारी आहे, बहिरी नाही. फोन स्वयंपाकघरात आहे आणि भिंत फळ्यांची आहे."

आर्डिस स्टुलावर तशीच उभी राहिली. "मग सरळ सांगायचं होतंस. राहा म्हणून."

"सांगितलं असतं तर भांडली असतीस. झाडाशी कोण भांडतं?"

आर्डिसनं चांदणी सरळ केली. जरा कलली होती. मग खाली उतरली आणि चहाचं आधण ठेवलं. दोघी त्या विषयावर पुन्हा बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी मावीसनं झाडाचं विचारलं नाही, हवापाण्याचं विचारलं. ते आर्डिसला जास्त लागलं.

पुन्हा थँक्सगिव्हिंग आलं. दारावर नवी कणसं लागली. व्हर्लिन टर्की घेऊन दारातून शिरला आणि झाड बघून म्हणाला, "वा ताई! यंदा मेहनतच नाही. सगळं तयार!"

"तुझ्याकडे घेऊन जा की," आर्डिस म्हणाली. "झाड पण ने, आई पण ने."

तो हसला. त्याला थट्टा वाटली. मग टेबल लांब करायला जागा हवी म्हणून त्यानं झाडाचा बुंधा धरून ते आणखी मागे सरकवलं. वर्षभर ऊन खाल्लेलं प्लॅस्टिक ते. टोकाची फांदी कट्कन मोडली आणि चांदणी थोराच्या खाटेवर, पांघरुणात येऊन पडली.

 लॉरेटाच्या हातातलं क्रॅनबेरीच्या मुरंब्याचं भांडं तसंच राहिलं.

"कुणी उतरवली नाही," व्हर्लिन घाईघाईनं म्हणाला. "पडली. पडली म्हणजे मोजायचं नाही. आण आई, मी खोचतो परत."

थोरानं चांदणी छातीशी धरली. "आधी मला उठवा."

दोघांनी धरलं. पण यंदा पाय ठरेनात आणि हात खांद्याच्या वर जाईना. दोनदा प्रयत्न केला.  शेवटी तिनं स्वतःच मान हलवली आणि खाटेवर बसली.

व्हर्लिननं हात पुढे केला. "दे ना. त्यात काय एवढं?"

"देते. पण जो चढवेल त्यानं उतरवायची. जानेवारीत येशील? झाड आवरून, खोके पोटमाळ्यावर नेऊन, मग जायचं."

व्हर्लिनचा हात खिशात गेला. "जानेवारीत रस्ते... लॉरेटाच्या भावाकडे पण जायचंय..."

"मला वाटलंच," थोरा म्हणाली.

तेवढ्यात आर्डिस पुढे आली. ॲप्रनला हात पुसले आणि आईसमोर ओंजळ धरली.  थोरानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. बाकीच्यांना वाटलं म्हातारीला झापड आली.

"विचार करून चढव, पोरी," थोरा म्हणाली.

"विचार करूनच मागतेय, आई."

थोरानं बोटं सोडली. आर्डिसनं स्टुलावर चढून मोडक्या टोकाला लाकडी चमचा बांधला, त्यावर चांदणी बसवली आणि खाली उतरली. "ताटं वाढा," ती म्हणाली. "टर्की गार होतेय."

त्या रविवारी मावीसचा फोन यायच्या आधी तिनंच फोन केला.

नाताळ झाला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी आर्डिसनं स्टूल लावलं. थोरा जागी होती, बघत होती. तिनं हात काढ म्हटलं नाही. चांदणी कागदात गुंडाळून डब्यात गेली, मग माळा, मग बोकड, मग फांद्या. कोपरा एवढा मोठा होता हे दोघी विसरून गेल्या होत्या. मग आर्डिसनं भावाला फोन लावला.

"चांदणी उतरली. आईला न्यायला ये."

"आत्ता? ताई, दारात गुडघाभर बर्फ आहे!"

"फावडं घेऊन ये."

तो आला. कुरकुरत आला, पण आला. गाडीत बसताना थोरानं काच खाली करायला लावली. "डबा पोटमाळ्यावर डावीकडे ठेवलास ना? उजवीकडे छत गळतं."

"डावीकडेच ठेवलाय, आई."

"आणि तो चमचा काढून घेतलास का? चांगला चमचा होता."

"घेतला."

थोरानं काच वर केली.

थोरा ब्रेक्के त्याच फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, मुलाच्या घरी वारली. आर्डिस तेव्हा ऑरेगनला होती.