एक बाटली, एक खेप

सकाळपासून तिसऱ्यांदा बाबा फाटकातून आत आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत बरणीचं झाकण होतं. बरणी ते मगाशीच टाकून गेले होते. त्याआधीच्या खेपेला बरणीवरचा कागद आणला होता, भिजवून, सोलून, वाळवून.

फाटकाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या त्यांच्या लेकीने हातातल्या काउंटरचा खटका दाबला आणि दातओठ खाल्ले. दाबणं भाग होतं. आत येईल त्या प्रत्येक माणसामागे एक खटका, असा नियम होता आणि तो तिनेच ठरवला होता. बाबांनी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. सरकारी कामात लुडबूड करू नये इतकी समज आपल्याला आहे, असा चेहरा करून ते धातूच्या पिंपाकडे गेले, झाकण आत टाकलं, खणखण आवाज झाल्याची खात्री केली आणि बाहेर पडले. बाहेर म्हणजे कोपऱ्यापर्यंत. तिथून वळून चौथ्या खेपेला यायचं होतं ना!

पालिकेच्या तिजोरीत खडखडाट होता. तो दरवर्षीच असतो, पण यंदा साहेबांच्या केबिनमधला एसी बंद पडला आणि दुरुस्त झाला नाही, तेव्हा कुठे तो साहेबांच्या कानावर गेला. मग बचतीचं वारं सुटलं. घरगुती टाकाऊ वस्तू गोळा करायची शहरात दोन केंद्रं होती, एक उतारावरचं, एक पुलापलीकडचं. दोन्हींचा खर्च झेपत नाही, पाहणी करा आणि कोणतं बंद करायचं ते सांगा, असं फर्मान निघालं आणि ते या लेकीच्या, म्हणजे ताईच्या गळ्यात पडलं. घरात थोरली म्हणून ती ताई होती आणि ऑफिसातही सगळे तिला ताईच म्हणत. स्वच्छता खात्यात कुणाच्या गळ्यात काही मारायचं असलं की तो गळा ठरलेला असे.

"साहेब, माझे वडील त्या उतारावरच राहतात," तिने आधीच सांगून टाकलं होतं. "हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"सगळ्यांचेच वडील कुठे ना कुठे राहतात, ताई," साहेब म्हणाले. "भावना बाजूला ठेवा. वापर बघा. जिथे माणसं कमी येतात ते बंद. सोपं आहे."

बाजूला ठेवा म्हणे! आई गेल्यावर बाबांनी घराबाहेर पाऊल टाकणं सोडलं होतं. ताईने सांगून सांगून तोंडाची वाफ दवडली. बागेत जा म्हटलं तर म्हणत, झाडं खिडकीतून दिसतात. वाचनालयात जा म्हटलं तर म्हणत, पेपर घरी येतो. काम असल्याशिवाय बाहेर पडणं हे त्यांच्या हिशेबी भटकणं होतं आणि भटकण्याचं त्यांचं वय नव्हतं. शेवटी एके दिवशी वैतागून तिने रद्दीचा गठ्ठा त्यांच्या हातात कोंबला आणि "निदान एवढं तरी टाकून या" म्हणून त्यांना अक्षरशः दाराबाहेर काढलं. ते गेले ते जेवायच्या वेळेला परत आले. केंद्रावर पिंपांच्या मागे एक बाक आहे, तिथे एक निवृत्त दातांचे डॉक्टर आणि एक सायकलवाल्या मावशी रोज येऊन बसतात, केंद्राचा रखवालदार, ज्याला सगळे मामा म्हणतात, तो चहा देतो, आणि काचेच्या पिंपात हिरवी बाटली टाकली तर सगळ्यांना ओरडतो, ही सगळी माहिती त्यांनी एका दमात सांगितली. त्या दिवशी ते दोनदा हसले होते. तेव्हापासून त्यांचा नेम चुकला नव्हता. ते केंद्र बंद पडलं तर बाबा पुन्हा खिडकीतून झाडं बघत बसणार, हे ताईला लख्ख दिसत होतं.

आणि तरीही चूक तिचीच. बाबांच्या स्वयंपाकघरात उभी राहून ती साहेबांशी फोनवर बोलली होती. "म्हणजे आठवडाभर माणसं मोजायची आणि जिथे कमी भरतील ते बंद, बरोबर ना?" बाहेर टीव्ही ठणाणा करत होता. बाबांना एरवी दारावरची बेल ऐकू येत नाही. हे मात्र बरोबर ऐकू आलं.

आता त्याची फळं ती भोगत होती. बाबांच्या मागोमाग डॉक्टर आले, दात घासायचा एक जुना ब्रश घेऊन. मागच्या खेपेला त्यांनी त्या ब्रशचं वेष्टन आणलं होतं. मावशींनी सायकल लावली आणि करिअरवरून पेपरची पुरवणी काढली, फक्त पुरवणी. पेपर घरी शिल्लक ठेवला होता. त्यांच्यामागे गाड्यांची रांग लागली होती. उतारावरच्या यच्चयावत शेजाऱ्यांना बाबांनी कामाला लावलं होतं. एक बाटली टाकायची, वळसा घालायचा, पुन्हा रांगेत.

"वर्दळ फार वाढली हो ताई," मामा तिच्याजवळ येऊन साळसूदपणे म्हणाला. "पब्लिकला एकदम जाग आली बघा."

"मामा, मला शेंड्या लावू नका."

"मी काय करणार? माणूस आला की फाटक उघडायचं, एवढंच माझं काम."

रांगेच्या शेवटी एक टेम्पो येऊन थांबला. त्यावर जुना फ्रिज, दोन गाद्या आणि एक मोडकं कपाट होतं. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, मान बाहेर काढून रांग बघितली, पिंपाशी उभं राहून ब्रश टाकणाऱ्या डॉक्टरांना उद्देशून काहीतरी बोलला, जे लिहिण्याजोगं नव्हतं, आणि टेम्पो वळवून पुलाच्या दिशेने निघून गेला. असे आठवडाभर कितीतरी गेले. ताईला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. उलट रांग तेवढी कमी झाली म्हणून बरंच वाटलं.

चौथ्या खेपेला तिने बाबांना गाठलं आणि काचेच्या पिंपामागे ओढत नेलं.

"बाबा, काय चालवलंय हे? माझी नोकरी घालवणार आहात का?"

"मी नियमाप्रमाणे कचरा टाकतोय."

"एका बरणीचे चार भाग करून?"

"वेगळं करून टाका असं तुमच्याच फलकावर लिहिलंय," बाबांनी फलक दाखवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू फक्त खटका दाब, ताई. बाकीचं आम्ही बघतो."

तिने कपाळावर हात मारला. घरी पाठवू तर कुणाकुणाला पाठवणार? आणि खरं सांगायचं तर काउंटरवरचा आकडा चढताना बघून तिच्याही मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी गुदगुल्या होत होत्या. पुलापलीकडे मोजायला बसलेल्या माणसाच्या आकड्यात याच्या निम्मीही माणसं नव्हती. तिने ओठ आवळले आणि खटका दाबत राहिली.

पुढच्या सोमवारी साहेबांनी कागद चाळले आणि माणसांच्या रकान्यावरून त्यांची नजर न थांबताच खाली घसरली.

"वजन कुठाय?"

"वजन?"

"अर्थ समितीने शुक्रवारी ठरवलं. माणसं मोजून काय करायचंय? ट्रक भरो न भरो, फेरीचा खर्च तेवढाच. ज्या केंद्राचा ट्रक रिकामा जातो ते बंद." त्यांनी दुसरा कागद ओढला. "हे बघा. उतारावरचा माल नेहमीच्या निम्मासुद्धा नाही. पुलापलीकडचा दीडपट. मग प्रश्नच मिटला."

ताईच्या डोळ्यांपुढून ते सगळे टेम्पो एकामागोमाग पुलाकडे गेले.

"साहेब, हा आठवडा धरू नका. लोकांनी मुद्दाम..."

"मुद्दाम कमी कचरा आणला? बंद पडावं म्हणून?"

"मुद्दाम जास्त वेळा आणला. बंद पडू नये म्हणून."

साहेबांनी चष्मा काढला. "माणसं मोजणार आहोत हे लोकांना कसं कळलं?"

यावर ताईकडे उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

"पुन्हा मोजणी करू," ती म्हणाली. "एक आठवडा द्या."

"आणि त्याचे पैसे कुठून आणू? बचत कशी करायची ते शोधायलाच आपला निम्मा खर्च होतोय, ताई." त्यांनी सही केली. "महिनाअखेरीला उतारावरचं बंद."

संध्याकाळी ती बाबांकडे गेली ती तणतणतच. साहेबांवर राग, समितीवर राग, टेम्पोवाल्यांवर राग, आणि सगळ्यात जास्त ज्याच्यावर राग होता त्याच्या दाराची बेल तिने दाबूनच धरली. दार अर्धवट उघडलं आणि कशाला तरी अडलं.

"तिरकी हो," बाबा आतून म्हणाले. "आणि पोट आत घे."

आत पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरांची दात काढायची जुनी खुर्ची, मावशींचं गंजलेलं शिवणयंत्र, कुणाचं तरी वॉशिंग मशीन, छताला टेकलेले रद्दीचे गठ्ठे. बाबांचा चेहरा मात्र दुकानाचं उद्घाटन केल्यासारखा खुलला होता.

"हे काय आहे?"

"साठा. जड वस्तू एकदम नेली तर एकच खेप होते. म्हणून मी सगळ्यांना बजावलं, हलकं आधी, जड मागे. पुन्हा मोजणी लागली तर माल हाताशी असलेला बरा."

ताईचा बांध फुटला. "वजन, बाबा! वजन धरलं त्यांनी! माणसं कुणी बघितलीच नाहीत. जे वजन केंद्रावर जायचं ते इथे तुमच्या घरात येऊन बसलंय, आणि उरलेलं तुमच्या त्या रांगेला कंटाळून पुलापलीकडे गेलं. केंद्र बंद होतंय. तुम्हीच बंद पाडलंत ते. तुम्ही, तुमचे डॉक्टर आणि तो दात घासायचा ब्रश!"

बसायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून बाबा डॉक्टरांच्या खुर्चीत बसले. खुर्चीची पाठ हळूहळू मागे कलली आणि ते छताकडे बघत आडवे झाले.

"मला कुणी वजनाचं सांगितलं नाही," ते म्हणाले.

"मलाच कुठे सांगितलं होतं!"

त्यांचा चेहरा बघवेना म्हणून तिने मान वळवली. वॉशिंग मशीनच्या मागे भिंतीला टेकवून काही फळ्या उभ्या होत्या, सुतळीने बांधलेल्या. शेजारी पेपरात गुंडाळलेले चार लाकडी पाय होते. एका फळीवर कोरलेलं फूल तिने ओळखलं. लहानपणी ती त्याच्या पाकळ्यांतून बोट फिरवत झोपायची.

तो आईचा पलंग होता. शेवटच्या आजारपणात आई त्याच पलंगावर होती आणि ती गेल्यावर बाबांनी त्याच्या चादरीलाही कुणाला हात लावू दिला नव्हता. ते स्वतः त्याच्याशेजारी जमिनीवर झोपत. पलंग हलवा म्हणून ताई त्यांच्याशी भांडली होती, रडली होती, एकदा सुतार घेऊन आली होती. बाबांनी सुताराला चहा पाजून वाटेला लावलं होतं.

"हा कधी सोडवलात?" तिने विचारलं.

"मोजणीच्या आधीच. स्क्रू गंजले होते, तेल घालत बसावं लागलं." बाबा अजून छताकडेच बघत होते. "शनिवारी मामा हातगाडी आणणार होता. तेवढ्यात तुझा फोन ऐकला. म्हटलं, अख्खा नेला तर एकच खटका. पाय वेगळे, फळ्या वेगळ्या नेल्या तर सात-आठ खेपा सहज होतील. तुझी आई म्हणायचीच, माझी एक वस्तू कधी तुमच्या कामाला येत नाही."

ताईला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांच्यावर तितकीच माया दाटून आली होती. ती पदर नसलेल्या खांद्यालाच डोळे पुसत उभी राहिली.

"उठा," ती म्हणाली. "ते पाय घ्या."

"आता कशाला? बंद होणार ना?"

"महिनाअखेरपर्यंत उघडं आहे. घ्या म्हणते ना!"

एकाच खेपेत नेला. मोठ्या फळ्या गाडीच्या मागच्या दारातून हातभर बाहेर राहिल्या, त्यांना लाल फडकं बांधलं. मामा फाटक लावायच्या बेतात होता. त्याने गाडीतलं सामान बघितलं आणि काट्याकडे बोट केलं. "वजन करू?"

"नको," ताई म्हणाली.

तिघांनी मिळून लाकूड टाकायच्या पिंजऱ्यात एकेक भाग ठेवला. फुलाची फळी बाबांनी शेवटी घेतली. ती त्यांनी जरा वेळ नुसतीच धरून ठेवली, मग आत सरकवली.

"मामा, केंद्र माझ्यामुळे बंद होतंय," ते म्हणाले.

"असू द्या हो," मामा म्हणाला. "मला पुलापलीकडे घेतील बहुतेक." एवढं बोलून तो कुलूप शोधायला गेला.

गाडीत बसल्यावर बाबा हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिले. पिशवीसुद्धा घरी राहिली होती, त्यामुळे धरायला काही नव्हतं.

"हे बंद झालं की माझ्याकडे येत जा," ताई म्हणाली. "रोज या. मी ऑफिसातून येईपर्यंत पोरं असतात घरी."

बाबांनी आपल्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"तुझ्याकडे काय टाकायला येऊ?" त्यांनी विचारलं.

ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. ताईने गाडी सुरू करायला हात पुढे केला, आणि तो किल्लीवर तसाच राहिला.