कुसुमची गोधडी

बडोद्यातला ऐन मे, सकाळीच भिंती तापलेल्या, आणि सुभानराव गोधडी पांघरून पडलेले. आता याला काय म्हणावं? पण म्हणायला घरात होतंच कोण! कुसुम जाऊन वर्ष झालं होतं. गोधडीच्या एका कोपऱ्याला तिच्या केसांच्या तेलाचा वास अजून येत होता. निदान सुभानरावांना तरी येत होता.

गोधडी तिनंच शिवलेली. वर तिच्या जुन्या साड्या आणि पोटात सुभानरावांनी कारखान्यातून आणलेलं पांढरं, जाड कापड. वाघोडियाच्या त्या कारखान्यात ते बॉयलरच्या पाइपांना हेच कापड गुंडाळायचे. उरलेले तुकडे सगळेच घरी न्यायचे; मऊ, उबदार आणि वर फुकट! कुसुम किती हरखली होती. शेवटचा कोपरा शिवताना तिनं आत पोळीचा तुकडा घातला. गोधडी उपाशी ठेवू नये, ही तिच्या माहेरची रीत. त्या कापडात अ‍ॅस्बेस्टॉस आहे हे तेव्हा कुणी सांगितलं? साहेबलोकांना ठाऊक असणार. मेल्यांनी तोंडातून ब्र काढला नाही.

कुसुमला फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर झाला; अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीनं होतो तोच. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "या कुठे कामाला होत्या?" बिचारीनं उभ्या जन्मात कारखान्याचं फाटकसुद्धा पाहिलं नव्हतं.

ती गेल्यावर मुलीनं, मितालीनं, वकील गाठल्या. निरुपमाबेन. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "जुओ, बघा काका, काकी कामगार नव्हत्या, म्हणून कामगारांच्या भरपाईच्या कायद्यात त्या बसत नाहीत. पण घरच्यांना काहीच हक्क नाही असं नाही. आपण दिवाणी दावा लावू. फक्त कारखान्यातलं अ‍ॅस्बेस्टॉस घरात आलं होतं हे दाखवावं लागेल. काही उरलंय? जुना युनिफॉर्म, एखादं कापड?"

"सगळं टाकलं," सुभानराव म्हणाले होते. धडधडीत खोटं! गोधडी दिली तर ते लोक फाडणार, तपासणार, परत थोडीच देणार? मग आपण हात कशावरून फिरवायचा?

आणि आज सकाळी मिताली न सांगता पादरा गावाहून आली. किल्ली तिच्याकडे होतीच. दार उघडलं, आणि आंब्यांची पिशवी तिथेच टाकून तिनं ओढणी नाकाला लावली.

"बाबा! ही टाकली होती ना?"

सुभानराव चोरासारखे उठून बसले.

"यात काय आहे ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. म्हणून तर पांघरतो," ते म्हणाले. "तिला नेलं, मलाही नेईल. करमत नाही गं मला तिच्याशिवाय. अजिबात करमत नाही."

ती रडेल असं त्यांना वाटलं. ती भडकली.

"आणि मी? लहानपणी मी कुठे झोपायचे, बाबा? हिच्याच खाली! साधा खोकला आला तरी मी एक्स-रे काढायला धावते. हा दावा फक्त आईसाठी आहे असं वाटलं तुम्हाला? उद्या मला काही झालं, तर मी कशाच्या जोरावर भांडू?"

वर्षभर सुभानराव गेलेल्या माणसाच्या मागे असे लागले होते, की समोरची पोर त्यांना दिसलीच नव्हती.

"निरुपमाबेनना फोन लाव," शेवटी ते म्हणाले.

दुपारी निरुपमाबेन तपासणीच्या माणसाला घेऊन आल्या. त्यानं तोंडाला मास्क बांधला, धूळ उडू नये म्हणून गोधडीवर पाणी शिंपडलं आणि ती एकात एक अशा दोन पिशव्यांत घालायला घेतली.

"एकदा हात लावू का?" सुभानरावांनी विचारलं.

"नको काका," निरुपमाबेन म्हणाल्या.

ते दारातच थांबले. पिशवीचं तोंड बंद झालं. कुसुम पुन्हा एकदा घरातून निघाली होती.

बाहेरच्या खोलीत निरुपमाबेननी जबाब लिहायला घेतला.

"कापड घरी कोणी आणलं?"

"मी."

"गोधडीखाली कोण कोण झोपायचं?"

"आम्ही दोघं. मधे ही." त्यांनी मितालीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "थंडीत हिचे कान गार पडायचे. मीच डोक्यावरून ओढून घ्यायचो."